एक मनगट, एक पान

नावावरून बाई ओळखता येत नाही. ती हातावरून ओळखावी. मी जातीची आणि धंद्याची कासारीण. घर सेलूत. पन्नास वर्षं आसपासच्या गावांत बांगड्या भरत फिरले. शिक्षण चौथी. या अंकाच्या संपादक बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, ‘आजी, तुम्ही या वयात सोशल मीडियावर धंदा करता, त्यावर लिहा.’ मी म्हटलं, लिहीन, पण त्यात माझं एक चुकलेलं काम आहे, ते आधी लिहीन. त्या म्हणाल्या, थोडं प्रेरणादायी पण असू द्या. बघू.

बांगडी मनगटावर शोभते, पण माप मुठीचं असतं. अंगठ्याच्या बुडाशी जे हाड आहे, ते मऊ असलं तर बांगडी सुळकन जाते. ते ताठ असलं की काच फुटते आणि रक्तही निघतं. म्हणून कासारणीने हात दाबत बोलत राहायचं. बाई बोलण्यात गुंतली की हात सैल सोडते, तेवढ्यात बांगडी आत. म्हणजे निम्मा धंदा काचेचा आणि निम्मा गप्पांचा. त्यामुळे कासारणीला गावातलं सगळं ठाऊक असतं. आणि तिने ते बोलायचं नसतं.

आता नावाचं. आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. माहेरची सुमन सासरी वैशाली होते. मी नवी होते तेव्हा वहीत नावाने माप लिहायचे. एकाच बाईची दोन पानं व्हायची. एकदा एका सासरच्या अंगणात मी मोठ्याने ‘अगं सुमे’ अशी हाक मारली. ती बाई पांढरी पडली आणि तिची सासू मला म्हणाली, ‘आमच्या घरात सुमी कुणी न्हाई.’ घरी आल्यावर माझ्या सासूने मला बसवून दोन नियम सांगितले. पहिला, एक मनगट, एक पान. पानावर माप लिही, हाताची खूण लिही, तिची जितकी नावं असतील तितकी लिही. दुसरा नियम, ‘ज्या उंबऱ्यावर बसलीस, तिथलंच नाव तोंडात घे. वहीत दोन्ही, तोंडात एक.’

हे दोन नियम मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं पाळले. मग गुडघे गेले.

माझी सून मंगल पूर्वी एका ऑफिसात कॉम्प्युटरवर टायपिंग करायची. ती रेशमी दोऱ्याच्या बांगड्या करते. प्लॅस्टिकच्या कड्यावर दोरा घट्ट गुंडाळायचा, वर टिकली. मला त्या बांगड्या वाटत नाहीत, पण खपतात. ती आणि बचत गटाच्या बाया आधी एका मोठ्या कंपनीच्या ॲपवर माल दाखवायच्या. एक दिवस कंपनीने खातं बंद केलं. कारण सांगितलं नाही. विचारायचं कुणाला, तर तिथं माणूसच नाही. तेव्हा परभणीच्या एका शिकवणाऱ्या मॅडमने बायांसाठी स्वतःचा सर्व्हर उभा केला.

मंगलने मला ते तासभर समजावलं. मला जे कळलं ते असं. मोठ्या कंपनीचं ॲप म्हणजे एकाच पाटलाचं गाव. त्याने वेस बंद केली की संपलं. हे नवं जाळं म्हणजे पुष्कळ स्वतंत्र गावं. बायांचं एक, पालमच्या दुकानदारांचं एक, परीक्षा देणाऱ्यांचं एक, पुण्या-नागपूरकडची आणखी कितीतरी. प्रत्येक गावाचे नियम वेगळे, राखणदार वेगळा. पण रस्ते सगळीकडे आहेत, एका गावातला निरोप दुसऱ्या गावात पोचतो. कुणी एक मालक नाही. आणि खातं फोनात राहत नाही, त्या गावात राहतं. कुणाच्याही फोनवरून आपलं कुलूप उघडून आपल्या घरात जाता येतं.

मी विचारलं, ‘मग एकाच माणसाची चार गावांत चार घरं असली तर?’

मंगल म्हणाली, ‘असतातच की आत्याबाई. वेगवेगळ्या नावानं. तुमाला कळणार बी न्हाई.’

मला कळणार नाही! ही सून वीस वर्षं माझ्या घरात आहे.

मापासाठी आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो की चौकोनी वहीच्या पानावर हात ठेवून फोटो पाठवा. मंगल चौकोन मोजते, मी हात बघते. पहिल्याच महिन्यात तीन बायांचे हात मला एकच वाटले. आमच्याकडे एक रीत आहे, पहिल्यांदा भरणाऱ्या बाईला एक बांगडी जास्तीची द्यायची, शकुनाची. जिंतूरच्या एका बाईने ती बांगडी पाच गावांतून पाच नावांनी घेतली. पाचही फोटोंत करंगळीशेजारच्या बोटावर तोच भाजल्याचा चट्टा. मंगलने तिला फोन करून विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘माझ्या पाचही खात्यांना पहिल्यांदाच भरायच्या होत्या की!’ या उत्तराला तोड नव्हती. मी तिला सहावी पाठवली आणि सांगितलं, आता नवं गाव शोधू नको.

त्याहून मोठे होते एक निवृत्त गुरुजी. त्यांची चार खाती. एकावर ते सकाळी सुविचार लिहीत. दुसऱ्यावर लोकांना शिव्या देत. तिसरं खातं पहिल्यावरच्या सुविचारांना वाहवा करायला. चौथं कशासाठी ते कळलं नाही, तिथं नुसता मोराचा फोटो होता. त्यांनी सुविचारवाल्या खात्यावरून बायकोसाठी बांगड्या मागवल्या. त्या सैल झाल्या. मग शिव्यावाल्या खात्यावरून आम्हाला चोर म्हणाले. आणि लगेच तिसऱ्या खात्यावरून निरोप आला, ‘ताई, अशा नीच प्रवृत्तींकडे दुर्लक्ष करा. मात्र बांगड्या बदलून द्या.’ मी मंगलला म्हटलं, तिन्ही गुरुजींना एकच उत्तर पाठव, काकूंचा हात वाळला आहे, आधी त्यांना दवाखान्यात दाखवा. काकूंना खरंच साखर निघाली. तेव्हापासून चारही खाती मला वाकून नमस्कार करतात, मोरसुद्धा.

अशाने मला गर्व चढला. सर्व्हरवाल्या मॅडम विचारायच्या, ‘आजी, ही तीन खाती एकाच व्यक्तीची, हे तुम्ही कशावरून सांगता?’ मी म्हणायचे, मनगटावरून. त्या वहीत लिहून घ्यायच्या. चौथी पास बाईचं बोलणं मास्तरीण लिहून घेते म्हटल्यावर काय होणार? मी मंगलकडे हट्ट धरला की माझी वही फोनात उतरव. एक माणूस, एक पान, त्याखाली त्याचे सगळे पत्ते. फोनात तशी सोय होतीच. मी हात ओळखून सांगत गेले, ती जोडत गेली. पानाच्या खाली एक बटण होतं, ‘सर्व पत्त्यांवर पाठवा’. संक्रांतीला मी ते दाबून सगळ्यांना तिळगूळ पाठवला. एका दाबात काम झालं.

मंगल तेव्हाच म्हणाली होती, ‘आत्याबाई, ते बटन सणापुरतंच बरं का. एरवी ज्यानं निरोप धाडला त्याच पत्त्यावर टिक करायची.’

मी म्हटलं, ‘मला शिकवू नको. पन्नास वर्षं वही सांभाळली.’

आता रुक्मिणीचं सांगते.

ती सेलूजवळच्या एका खेड्यातली. अकरावीत असताना पालमला दिली. तांदळात नाव निघालं शुभांगी. सासरचं किराणा दुकान. पालमच्या दुकानदारांच्या गावात शुभांगीच्या नावाचं खातं होतं, पण ज्या फोनवर ते होतं तो फोन सासूच्या ताब्यात. सासू गयाबाई. तिचं म्हणणं, फोनने सुना बिघडतात, म्हणून फोन सासूकडेच बरा.

रुक्मिणीचं दुसरं खातं होतं परीक्षा देणाऱ्यांच्या गावात, माहेरच्या नावाने. ते ती पालमच्या अंगणवाडीच्या ताईच्या फोनवरून उघडायची. दोन्ही खात्यांवरून पूर्वी मापाचे फोटो आले होते; माप दोन-चार, हात एकच, म्हणून मी ती एका पानावर जोडली होती. ती ताई आता निवृत्त व्हायला आली होती. तिची जागा मिळवायची तर बारावी पाहिजे. रुक्मिणीने घरात न सांगता सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा. केंद्र माहेरच्या बाजूला, सेलूत घेतलं. परीक्षेच्या वेळी ती भावाच्या बाळाच्या बारशाला म्हणून माहेरी आली आणि बाळाला सर्दी झाली म्हणून बारसं लांबवत राहिली. दोन पेपर दिले. मग मला तिचा निरोप आला, माहेरच्या खात्यावरून. काचेच्या बांगड्या लिहिताना वाजतात, सगळा वर्ग बघतो. हात उघडा ठेवला तर सासरी कुणीतरी सांगेल. न वाजणाऱ्या बांगड्या पाहिजेत.

मला त्या पोरीचं कौतुक वाटलं. मी स्वतः फोन हातात घेतला आणि बोलून निरोप लिहिला, आपण बोललेलं फोनच लिहून घेतो. तो मला पाठ आहे. ‘रुक्मिणी, बारावीच्या पेपरासाठी तुझ्या न वाजणाऱ्या बांगड्या तयार हायत. दोन पेपर झाले तसे राहिलेले चारबी चांगले लिही. बारशाचं मी कुणाला सांगत न्हाई.’

आणि सवयीने खालचं बटण दाबलं.

मंगल भाकरी थापत होती. मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं, रुक्मिणीला निरोप दिला. तिने पिठाच्या हातानेच फोन ओढला.

‘आत्याबाई, हे दोन्हीकडं गेलंय.’

‘दोन्हीकडं म्हंजे?’

‘म्हंजे पालमला. सासूच्या हातात.’

‘मग माघारी घे!’

तिने पुसून टाकलं. पण पुसायच्या आधीच खाली ‘वाचलं’ अशी खूण आली होती. ‘निरोप पुसता येतो,’ मंगल म्हणाली, ‘सासूचं डोकं कसं पुसायचं?’

दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिणीचा नवरा दत्ता मोटारसायकलवर आला आणि तिला घेऊन गेला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. भावाला एवढंच म्हणाला, ‘बारसं झालं की कळवा.’ त्या दिवशी अकरा वाजता अर्थशास्त्राचा पेपर होता. तो बुडाला. पुढचा पेपर दोन दिवसांनी.

मी लगेच बांगड्यांचं गाठोडं बांधलं. मंगल म्हणाली, ‘गुडघ्यावर बाम लावून देते, पण तिथं जाऊन करणार काय?’ मी म्हटलं, माहीत नाही. सेलूहून परभणी, परभणीहून गंगाखेड, गंगाखेडहून पालम. तीन एसट्या. वाटेत मी एकच विचार करत होते. माझ्या फोनात त्या घरातल्या एकीची नाही, दोघींची पानं होती.

गयाबाईचं माहेर माझ्या फिरतीतलं. तिच्या लग्नाचा हिरवा चुडा मीच भरला होता. तिची डावी करंगळी आतल्या बाजूला वाकलेली. चार महिन्यांपूर्वी बायांच्या सर्व्हरवर ‘सोना’ नावाच्या एका खात्याने मापाचा फोटो पाठवला होता. वाकलेली करंगळी बघूनच मी ओळखलं. माहेरचं तिचं नाव सोना. ही सोना त्या खात्यावर रोज बोलून ओव्या लिहायची. सगळ्या ओव्या सासूवर. तिची सासू जाऊन वीस वर्षं झाली, पण सोनाने तिला एक दिवस सुट्टी दिली नाही. तिने भाकरी मोजल्या, तिने तेल कुलपात ठेवलं, तिने माझी पाटी चुलीत घातली. शेकडो बाया त्या ओव्यांना वाहवा करायच्या. आणि हे सगळं त्याच फोनवरून, जो सुना बिघडू नयेत म्हणून तिने जवळ ठेवला होता.

मी पोचले तेव्हा गयाबाई ओसरीवर बसली होती. रुक्मिणी आत भांडी घासत होती. आवाज मुद्दाम मोठा येत होता.

‘आली का परीक्षेची मास्तरीण?’ गयाबाई म्हणाली. ‘ये, बस. चहा ठेवते का गं कुणी? न्हाईतर राहू दे, तिचा पेपर असंल.’

मी म्हटलं, ‘चुकलं माझं. निरोप तुमच्याकडं यायचा नव्हता.’

‘यायचा नव्हता म्हणून तर वाचून काढला. आमाला आंधळं समजायलीस का? बारसं हाय म्हनं!’

‘पोरगी शिकायली. चोरी न्हाई करायली.’

‘शिकायला आमी नको म्हनलोत का? इचारायचं न्हाई का घरात?’

आतून भांडी थांबली. ‘इचारलं होतं की,’ रुक्मिणी आतूनच म्हणाली. ‘तीनदा.’

‘तू गप गं!’

दत्ता दुकानातून डोकावला, आमच्याकडे बघितलं आणि परत आत गेला. अशा वेळी पुरुषांना नेमकं गिऱ्हाईक येतं.

बोलून काही होणार नव्हतं. मी गाठोडं सोडलं. म्हटलं, ‘आलेच हाय तर हात द्या. बांगड्या भरते. कासारीण ओसरीवरून तशीच परत गेली तर बरं दिसत न्हाई.’ हे कुठल्याही सवाष्णीला नाकारता येत नाही. तिने तोंड फिरवून हात पुढे केला. मी अंगठ्याच्या बुडाशी दाबलं. हाड पूर्वीपेक्षा ताठ झालं होतं. पहिली बांगडी अडली. मी दाबत राहिले आणि अगदी हळू, तिलाच ऐकू येईल इतकं म्हटलं, ‘हात सैल सोड, सोना.’

तिने आतल्या दाराकडे बघितलं. त्या घरात ते नाव चाळीस वर्षांत कुणी घेतलं नसणार.

मग तीही हळूच म्हणाली, ‘कवापासून ठावं हाय?’

‘करंगळीवरून. फोटो आला तवापासून.’

‘कुणाला बोललीस?’

‘न्हाई.’

‘बोलणार हायस?’

मी दुसरी बांगडी चढवली. याला धमकी म्हणायचं असेल तर म्हणा. मी एकदा चुकून उंबऱ्याचा नियम मोडला होता. आता समजून उमजून मोडत होते. मी म्हटलं, ‘तुझी पाटी चुलीत गेली, त्यावरची ओवी चांगली हाय. लय बायांनी वाचली. त्यात पुढची ओवी काय लिहायची, ते तूच ठरव.’

‘कासारणी, तुझं तोंड शिवायला पाहिजे,’ ती म्हणाली. पण बाकीच्या बांगड्या अडल्या नाहीत.

चहा आला. साखर कमी होती. रुक्मिणीने माझ्याकडे बघितलंही नाही.

पुढच्या पेपराला रुक्मिणी केंद्रावर हजर झाली, आणि तिच्याबरोबर डबा घेऊन गयाबाई. बाहेर झाडाखाली सतरंजी टाकून ती तिन्ही पेपर संपेपर्यंत बसली. आल्या-गेल्याला सांगत होती, ‘सुनंला शिकवायचं माझ्याच मनात होतं. आमच्या घरात शिक्षणाला नको म्हनत न्हाईत.’ शुभांगीच्या खात्यावर दत्ताने तिघांचा फोटो टाकला, मधे तो स्वतः. खाली लिहिलं होतं की स्त्री शिकली की घर शिकतं. त्याला दीडशे माणसांनी शाबासकी दिली. गुरुजींनी तीन खात्यांवरून दिली.

मी न वाजणाऱ्या बांगड्या घेऊन शेवटच्या पेपराला गेले होते. रुक्मिणी बाहेर आली. मी बांगड्या पुढे केल्या. तिने घेतल्या नाहीत.

‘आजी, बरं झालं तुमी आलात,’ ती म्हणाली. ‘सासूबाईनं ऐकलं, तुमच्यामुळंच ऐकलं, मला कळलंय. पर मी दोन खाती कशाला ठेवली होती? एक उघडं पडलं तर दुसऱ्यात जाता यावं म्हणून. तुमी त्यांची गाठ मारलीत. तुमाला कुणी सांगितली होती गाठ मारायला?’

‘कुणी न्हाई,’ मी म्हटलं.

‘आता त्या माझा सगळा अभ्यास बघत्यात. रोज इचारत्यात, आज काय वाचलं. आमचे हे माझ्या पुस्तकाचे फोटो टाकत्यात. मला चोरून वाचायला मिळायचं तेवढं बी आता मिळत न्हाई.’

ती गेली. संध्याकाळी मंगलने सांगितलं, रुक्मिणीने तिच्या खात्यावरून आपल्याला ब्लॉक केलं. मी म्हटलं, बरोबर केलं.

निकाल लागला. पाच विषय निघाले. अर्थशास्त्र राहिलं, कारण त्या दिवशी ती मोटारसायकलवर होती. पुरवणी परीक्षेपर्यंत अंगणवाडीची ती जागा थांबेल की नाही, हे कुणी सांगत नव्हतं. ते चुकलेलं पान माझ्या नावावर आहे. प्रेरणादायी काय ते बाईंनी यातून काढून घ्यावं.

त्यानंतर मी आणि मंगल सात दिवस बसून फोनातली सगळी पानं सोडवली. जिथून निरोप आला त्या पत्त्याचं स्वतंत्र पान. जिंतूरवाल्या बाईची पाच पानं, गुरुजींची चार. मंगल म्हणाली, ‘एवढं खपून जोडलं, आता एवढंच खपून तोडायलोत.’ मॅडमना राग आला, त्यांना माझी पद्धत कुठल्यातरी सभेत सांगायची होती. मी म्हटलं, सांगा, पण शेवटासकट सांगा. माझी कागदाची वही तशीच आहे. ती माझ्या पेटीत असते आणि तिला बटण नाही.

पुरवणी परीक्षेच्या आठवडाभर आधी एक निरोप आला. कधी न ऐकलेल्या गावातून, कधी न ऐकलेल्या नावाने. रेशमी दोऱ्याच्या बांगड्या पाहिजेत, वाजायला नकोत. सोबत चौकोनी पानावर ठेवलेल्या हाताचा फोटो. माप दोन-चार, डावा हात किंचित भरलेला, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेन धरून पडलेला घट्टा, त्यावर निळी शाई.

मंगलने फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. ‘आत्याबाई, कुणाचा हाय वो हात?’

मी म्हटलं, ‘नवीन गिऱ्हाईक हाय. शकुनाची एक जास्तीची टाक.’